टकळीवर बारीक सूत: पहिल्या पेळूपासून पहिल्या लडीपर्यंत

मेडिकलच्या दुकानात निळ्या कागदात गुंडाळून मिळणारा कापूस सूत कातायला घेऊ नका. टकळी हाती आली की मुंबईकराचा हात आधी त्याच गुंडाळीकडे जातो, कारण कोपऱ्यावर सहज मिळणारा कापूस तोच. पण तो उकळून, ब्लीच करून त्याच्यावरचं नैसर्गिक मेण काढून टाकलेलं असतं. त्या मेणामुळेच तंतू एकमेकांवरून अलगद सरकतात. ते गेलं की तंतू एकमेकांना चिकटून बसतात आणि तार ओढली की गठ्ठ्याने बाहेर येतात. त्यात तंतूही बहुधा आखूड. अशा कापसाची वीतभर तार निघते, तीही वातीइतकी जाड, आणि शिकणारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. गादीवाल्याकडचा कापूस त्याहून वाईट: वारंवार पिंजून तुटलेले तंतू, जुन्या गाद्यांचा माल, कधी पॉलिएस्टरची भेसळ.

बारीक सूत निघतं की नाही, हे निम्मं कापसावर आणि तो कसा तयार केला यावर ठरतं. उरलेलं बरंचसं पिळावर. टकळी फिरवण्याची सफाई तिसऱ्या क्रमांकावर येते आणि सरावाने आपोआप येते. त्यामुळे या लेखात फिरवण्यापेक्षा बाकीच्या गोष्टींवरच जास्त वेळ घालवला आहे.

कापूस कोणता आणि कुठून

सुताची बारकाई नंबरात मोजतात. ८४० यार्डांची एक लड धरली, तर एक पौंड सुतात अशा जितक्या लडी बसतील तितका त्या सुताचा नंबर. नंबर मोठा म्हणजे सूत बारीक. १० नंबर जाडं, २० नंबर मध्यम, ४० नंबर बारीक म्हणायला हरकत नाही. नवशिक्याने आधी १० ते १५ नंबरचं एकसारखं सूत साधावं, मग २० आणि मग पुढे.

या नंबरामागे तंतूंचं गणित आहे. नेहमीच्या अमेरिकन जातीच्या कापसाचं २० नंबरचं सूत कुठेही कापलं, तर आडव्या छेदात साधारण १९० तंतू असतात; ४० नंबरात ९५ च्या आसपास. नंबर वाढेल तसे तंतू कमी होत जातात आणि एक वेळ अशी येते की उरलेल्या तंतूंना एकमेकांची पकड पुरत नाही. म्हणून बारीक सुताला तंतू लांबही हवा आणि मुळात बारीकही हवा. देशी कापसाचा तंतू बहुधा आखूड आणि जाडसर. त्याचं १० ते १५ नंबरचं सूत छान निघतं, ४० चा हट्ट धरू नये. शंकर-६ सारख्या वाणाचा तंतू २८-२९ मिलिमीटरच्या आसपास असतो आणि टकळीसाठी तो पुरेसा आहे. सुविन हा आपल्याकडचा नावाजलेला अतिलांब तंतूचा वाण, कोइमतूरला १९७४ साली तयार झालेला. मिळाला तर ठेवून द्या. हात बसल्यावर काढा.

लांबी घरीच मोजता येते. कापसाची छोटी चिमूट दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरून ओढा, दोन भाग करा, एकावर एक ठेवा, पुन्हा ओढा. पाच-सहा वेळा केलं की तंतू एका रेषेत येतात. ही चिमूट काळ्या कापडावर ठेवून पट्टी लावा. २५ मिमीच्या वर असेल तर काम होईल. (हेच मोजमाप शास्त्रशुद्ध पद्धतीने करणारी कापूस तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा १९२४ पासून आपल्या माटुंग्यात आहे. कापूस पिकत नाही त्या शहरात ती असण्याचं कारण उघड आहे: गिरण्या इथे होत्या आणि कापसाचा बाजारही इथेच.)

शक्यतो सरकीसकट कापूस मिळवा. जिनिंगमध्ये सरकी काढून गाठी बांधून आलेली रुई दाबलेली असते, तिचे तंतू विस्कटलेले असतात आणि गाठोळ्या उलगडण्यातच दिवस जातो. विदर्भात, खानदेशात किंवा मराठवाड्यात कुणी नातेवाईक असेल तर दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की पाव किलो मागवा. स्वच्छ, पूर्ण उमललेल्या बोंडांचा, पावसात न भिजलेला. कापसाच्या वजनात रुई साधारण एक तृतीयांश असते, म्हणजे पाव किलोत ८० ग्रॅमच्या आसपास. ऐकायला कमी वाटतं, पण २० नंबरच्या हिशेबाने त्यात अडीच किलोमीटरहून जास्त सूत आहे. पहिले कित्येक आठवडे पुरेल.

सरकीसकट कापूस मिळालाच नाही तर खादीचं काम करणाऱ्या संस्थांकडे तयार पेळू, म्हणजे कातण्यासाठी सैल वळलेल्या कापसाच्या गुंडाळ्या, मिळतात. ते घ्यायला हरकत नाही, फक्त ताजे आहेत का पाहा. जुना, दाबला गेलेला पेळू बोटाला टणक लागतो.

टकळी

टकळी म्हणजे दांडा, चकती आणि वरच्या टोकाला आकडी. बारीक सुतासाठी टकळी हलकी हवी, पण इतकीही हलकी नको की दोन सेकंदांत थांबेल. पोलादी दांडा १७-१८ सेंटीमीटर लांब आणि अडीच मिमी जाड, पितळी चकती अडीच सेंटीमीटर व्यासाची आणि २ मिमी जाड, अशा टकळीचं वजन १५ ग्रॅमच्या आसपास भरतं. नवशिक्याला आणि पुढे ४० नंबरपर्यंत हीच चालते. चकती खालच्या टोकापासून दोन-अडीच सेंटीमीटर वर बसवलेली असावी.

घेताना तीन गोष्टी तपासा. दांडा काचेवर लोळवा: टकटक आवाज आला की तो वाकडा आहे. चकतीच्या कडेकडे बघत टकळी फिरवा: कड वर-खाली हलली तर चकती तिरकी बसली आहे. तिसरी गोष्ट बहुतेक जण बघत नाहीत, ती आकडी. आकडीचं टोक दांड्याच्या मध्यरेषेवर यायला हवं. ते बाजूला असेल तर प्रत्येक फेऱ्याला तारेला हिसका बसतो, जाड सूत तो सहन करतं आणि बारीक तुटतं. बारीक पक्कडीने अर्धा मिमी इकडे-तिकडे वाकवलं तरी फरक कळतो. आकडीच्या आतली कड बोटाला खरखरीत लागली तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा.

स्वतः बनवायची असेल तर नागदेवीच्या हार्डवेअरच्या गल्लीत पितळी वॉशर आणि पोलादी सळई मिळते. वॉशरचं भोक सळईपेक्षा मोठं असतं, ते एम-सीलने भरायचं. सुकायच्या आत फिरवून मध्य साधायचा. खालचं टोक कानशीने निमुळतं करा, पण सुईसारखं टोकदार नको. टोकदार टोक वाटीत रुतून बसतं आणि टकळी लवकर थांबते.

टकळी हवेत लोंबकळत ठेवून जाडं सूत काढता येतं. बारीक तारेवर मात्र ताण नको, म्हणून खालचं टोक वाटीत टेकवून फिरवतात. वाटी खोलगट, गुळगुळीत आणि जड हवी. चिनी मातीची छोटी वाटी उत्तम, घासून गुळगुळीत केलेला करवंटीचा तुकडाही चालतो. स्टीलच्या वाटीत टकळी सगळीकडे भटकते आणि आवाज इतका करते की घरचे वैतागतात. ढाक्याची मलमल कातणाऱ्या स्त्रिया चातीचं, म्हणजे सूत कातायच्या सळईचं, टोक शिंपल्यात टेकवत. मोठा जाड शिंपला मातीच्या गोळ्यात दाबून बसवला तर तोही वापरून पाहण्याजोगा आहे.

पेळू करणे

इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट जातं.

कापूस तास-दोन तास उन्हात ठेवा. खिडकीच्या ग्रिलमध्ये येणारं ऊनही पुरतं. सुका कापूस सरकीपासून सहज सुटतो आणि त्यातली पानांची भुकटी झटकली की पडते. मग एकेक बोंडपाकळी हातात घ्या, पानाचे तुकडे, पिवळे डाग, न उमललेले घट्ट भाग काढून टाका.

पिंजणाने पिंजणं मुंबईच्या खोलीत जमत नाही: जागा लागते, दोरीचा आवाज होतो आणि तंतू घरभर उडतात. बारीक सुतासाठी त्यापेक्षा चांगली पद्धत आहे, ती म्हणजे तंतू सरकीवर असतानाच विंचरणं. आंध्रातल्या पोंडुरूला हे काम वालुगा माशाच्या जबड्याच्या हाडाने करतात. आपल्याला उवा-लिखांची दाट दातांची फणी पुरते, नवी घ्यायची एवढंच. सरकी डाव्या हाताच्या चिमटीत घट्ट धरा. तंतूंच्या टोकाकडून सुरुवात करा, थोडं थोडं आत या. मुळाशी फणी घालून एकदम ओढली तर तंतू तुटतात. एक बाजू झाली की सरकी फिरवून दुसरी. विंचरलेले तंतू सरकीभोवती पंख्यासारखे पसरतात आणि उजेडाकडे धरले तर एकही गाठोळी दिसत नाही. आता चिमटीने ओढून ते सरकीपासून सोडवा आणि एकाच दिशेने रचत जा. फणीत अडकून राहिलेले आखूड तंतू वेगळे ठेवा. त्यांच्या वाती होतात.

घरात लक्षवाती करणारी आजी किंवा काकू असेल तर या टप्प्यावर तिला शेजारी बसवा. कापूस न तोडता उलगडायचा कसा, हे तिच्या बोटांना ठाऊक असतं. सत्तरीच्या पुढच्या कित्येकांनी शाळेत सूतकताईच्या तासाला टकळी फिरवलेलीही असते. ती सवय हात विसरत नाहीत.

रचलेल्या तंतूंचा वितभर लांब, चार बोटं रुंद असा विरळ थर पाटावर पसरा. खालचा पाट अंधुक दिसला पाहिजे. थराच्या कडेवर पेन्सिल किंवा विणकामाची सुई ठेवून सैलसर गुंडाळा, तळहाताने एक-दोनदाच पुढे लोळवा आणि पेन्सिल ओढून काढा. झाला पेळू. वजन एक ग्रॅमच्या आसपास असू द्या. चिमटीत धरल्यावर त्याने आकार सोडता कामा नये, पण दाबला तर पुन्हा फुगला पाहिजे. जास्त लोळवला की टणक होतो, कमी लोळवला की तंतूंचे गठ्ठे सुटतात. पाच-सहा पेळू पुरेत. आठवड्याभराचे एकदम करून ठेवू नका.

टकळी नुसती फिरवा

कापूस बाजूला ठेवून आधी रिकामी टकळी वाटीत फिरवा. मांडी घालून बसा, वाटी उजव्या गुडघ्याजवळ. उजव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट यांच्यात आकडीच्या खालचा दांडा धरून चुटकी वाजवल्यासारखा झटका द्या आणि बोटं लगेच बाजूला घ्या. वरून पाहताना टकळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायला हवी. दिशा एकदा ठरली की बदलायची नाही, उलट फिरली तर बसलेला पीळ सुटतो. डावखुऱ्यांनी हात बदलावेत, दिशा तीच ठेवावी.

टकळी डुलत असेल तर झटका देताना दांडा तिरका धरला जातोय. न डुलता सात-आठ सेकंद फिरायला लागली की पुढे जा.

पहिली तार

शिलाईचा सुती दोरा हातभर घ्या. त्याचं एक टोक चकतीच्या लगेच वर दांड्याला घट्ट बांधा, चार-पाच वेढे द्या, मग दोरा दांड्याभोवती मळसूत्रासारखा वर नेऊन आकडीत अडकवा. आकडीच्या वर वीतभर दोरा मोकळा राहू द्या आणि त्याचं टोक नखाने पिंजून घ्या.

डाव्या हातात पेळू धरा: अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, बस. मूठ वळायची नाही. पेळूच्या टोकाचे थोडे तंतू दोऱ्याच्या पिंजलेल्या टोकावर दोन-तीन सेंटीमीटर ठेवा, चिमटीत धरा, उजव्या हाताने टकळीला झटका द्या. पीळ दोऱ्यातून वर येऊन तंतूंना पकडताना चिमटीला जाणवतो. मग डावा हात सावकाश वर न्या.

पहिल्या दिवशी वीतभराचीच तार ओढा. उजव्या हाताने झटका, टकळी थांबवा, दोन्ही हातांनी तार ओढा, पुन्हा झटका. असं तुकड्या-तुकड्याने केलं तरी चालतं. एकाच वेळी फिरवणं आणि ओढणं यायला काही दिवस जातात. ते आलं की तार डाव्या खांद्याच्या उंचीपर्यंत, म्हणजे ५०-६० सेंटीमीटर जाते.

बारीक सुताचं मर्म दुहेरी ओढीत आहे. तार एका दमात बारीक होत नाही. आधी कमी पिळावर ओढा: तार जाड-बारीक, गाठी गाठी असलेली निघेल आणि ते बरोबरच आहे. आता डाव्या हाताची चिमटी बंद करा, म्हणजे पेळूतून नवीन कापूस येणार नाही, आणि त्याच तारेला अलगद ताण देत हात आणखी वर न्या. पीळ नेहमी बारीक जागी आधी जातो. त्यामुळे बारीक भाग घट्ट होऊन जागच्या जागी राहतात, आणि जाड गाठींमध्ये पीळ कमी असल्याने त्यांचे तंतू सरकतात. नीट बघितलं तर गाठ आधी लांबट होते, मग दोन्ही टोकांकडून निमुळती होत तारेत विरून जाते. टकळी या वेळी अगदी सावकाश फिरत असावी. पीळ जास्त झाला की गाठ कायमची बसते, कमी पडला की तार तिथेच सुटते. या दोहोंमधली जागा बोटांना सापडणं हेच खरं शिकणं आहे, आणि त्यासाठी खराब सूत बरंच काढावं लागतं.

गाठी विरल्या की ओढ थांबवा आणि पक्का पीळ द्या. नवशिके इथे हमखास कंजुषी करतात. २० नंबरच्या सुताला सेंटीमीटरमागे साधारण ८ वेढे लागतात, म्हणजे ६० सेंटीमीटरच्या एका तारेला ५०० च्या जवळपास. एका झटक्यात ते बसत नाहीत; टकळी मंदावली की पुन्हा झटका, असं बरेचदा करावं लागतं. सूत जितकं बारीक तितका पीळ जास्त: १० नंबरला सेंटीमीटरमागे पाच-सहा पुरतात, ४० नंबरला अकरा लागतात.

मोजत बसू नका. तार पक्की झाली असं वाटलं की टकळी वाटीतून उचलून तारेवर लटकवा. तार लांबत खाली येऊ लागली तर पीळ कमी आहे. जशीच्या तशी राहिली तर हात थोडा सैल करा: तार स्वतःभोवती दोन-तीन वेढे घेईल. इतका पीळ हवा. सैल करताच मुरड्यांचा झुबका झाला तर जास्त झाला.

गुंडाळणे

तार आकडीतून सोडवा, ताण न सोडता टकळी आडवी धरा आणि चकतीच्या वर गुंडाळा. आकार खाली जाड, वर निमुळता. शेवटचे वीस सेंटीमीटर दांड्याभोवती वर नेऊन पुन्हा आकडीत. सैल गुंडाळलेलं सूत पुढे उकलताना आतल्या थरात रुततं आणि तुटतं. एका बाजूला जास्त भरलं तर टकळी डुलायला लागते. भरलेली टकळी जड होते, म्हणून बारीक सूत असेल तर चार-पाच ग्रॅमवर उतरवून घ्या. जागा शिल्लक दिसली तरी.

तुटणं आणि सांधणं

तुटलेलं टोक बघा, कारण तेच सांगतं. टोक लांबट, मऊ, तंतू विस्कटलेले असतील तर तंतू सरकले: पीळ कमी होता. टोक आखूड आणि मुरडलेलं असेल तर पीळ जास्त होता किंवा हिसका बसला. एकाच जागी, चिमटीजवळ वारंवार तुटत असेल तर पेळू घट्ट धरलाय. पीळ पेळूत शिरून त्याचं टोक दोरीसारखं वळलं असेल तर चिमटी वेळेवर बंद झाली नाही. तेवढा तुकडा तोडून टाका, तो सुधारत नाही. दर पाच-दहा सेंटीमीटरवर टाचणीच्या टोकाएवढी गाठोळी येत असेल तर दोष हाताचा नाही, विंचरण्याचा आहे. गाठोळ्या कितीही ओढल्या तरी विरत नाहीत.

सांधण्यासाठी गाठ मारू नका. सुताचं टोक दोन-तीन सेंटीमीटर उलटा पीळ देऊन उकला, पिंजा, पेळूचे मोजके तंतू त्यावर ठेवा आणि पीळ द्या. सांधा जाड झाला तर तंतू जास्त घेतले गेले. चांगला सांधा नंतर शोधून सापडत नाही आणि ताण दिल्यावर तिथे तुटतही नाही.

मुंबईची हवा

पंखा बंद. उकाड्यात हे जिवावर येतं, पण पंख्याखाली पेळूचे तंतू उडतात आणि बारीक तार वाऱ्यानेच हलते. सकाळी साडेसहा-सातची वेळ धरा. नाकाला रुमाल बांधा, निदान विंचरताना तरी. कापसाची धूळ छातीला चांगली नाही, हे गिरणगावाला वेगळं सांगायला नको.

दमट हवेचा मात्र फायदा आहे. ओलाव्याने कापसाचा तंतू मजबूत आणि लवचीक होतो, म्हणून कातताना तार कमी तुटते. इथल्या गिरण्यांनाही ही हवा मानवली. एसीच्या कोरड्या खोलीत आणि जानेवारीतल्या कोरड्या दिवसांत उलट होतं: तंतू फिसकटतात, सूत केसाळ निघतं. त्या दिवसांत शेजारी ओला पंचा वाळत घाला.

विंचरण्याला कोरडी हवा लागते, कातण्याला दमट. जुलैत विंचरायला बसलात तर तंतू फणीला चिकटतात. त्यामुळे मे महिन्यात कापूस विंचरून, थर रचून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि पावसाळ्यात लागतील तसे पेळू वळा. टकळीचा दांडा रोज कोरड्या फडक्याने पुसा. गंजाचा डाग सुतावर उतरला की निघत नाही. गंजू नये म्हणून तेल लावायचा मोह होतो, पण तेही सुताला लागतं.

लोकलमध्ये टकळी काढण्याचा विचार असेल तर तो सोडा. टोकदार आहे, आणि धक्क्यात बारीक तार टिकत नाही.

नंबर काढणे

सूत फाळक्यावर, म्हणजे लड गुंडाळायच्या चौकटीवर, उतरवा. फाळका नसेल तर घेर बरोबर १ मीटर येईल अशी फळी किंवा जाड पुठ्ठा घ्या. १०० वेढे म्हणजे १०० मीटर. गुंडाळताना पुठ्ठा दबला तर मोजमाप चुकतं. ही लड ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला. घरी काटा नसेल तर ओळखीचा सोनार तोलून देईल. ५९ ला त्या ग्रॅमनी भागा, आला नंबर. १०० मीटरचं वजन ५.९ ग्रॅम भरलं तर १० नंबर, २.९५ ग्रॅम म्हणजे २०, दीड ग्रॅमच्या खाली म्हणजे ४० च्या पुढे.

एका लडीचा नंबर फारसं सांगत नाही. चार लडींचे नंबर १२, २२, १५, २८ असे येत असतील तर बारकाईचा विचार तूर्त बाजूला ठेवून एकसारखेपणा साधा. पहिल्या आठवड्यांत तासाला काही मीटरच सूत निघेल, त्याची खंत नको. १९२४ साली काँग्रेसच्या सभासदाने महिन्याला २,००० यार्ड, म्हणजे १,८०० मीटरहून थोडं जास्त, स्वतः कातलेलं सूत द्यावं असा नियम झाला होता आणि तो पुष्कळांना झेपला नाही.

टकळीनंतर चरख्याकडे वळायचं असेल तर गावदेवीला लॅबर्नम रोडवर मणिभवनात एकदा जाऊन या. गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की तिथे उतरत. त्यांच्या खोलीत ठेवलेले चरखे जवळून पाहिले की टकळीचीच चाती आडवी करून चाकाला कशी जोडलीय हे लक्षात येतं. पण चरखा जागा मागतो, आणि टकळी डब्यात बसते.

पीळ पक्का करणे

कच्च्या सुताचा पीळ अस्वस्थ असतो, सैल सोडलं की मुरडतं. लड चार ठिकाणी इंग्रजी 8 च्या आकारात सैल बांधा, नाहीतर उकळताना तिचा गुंता होतो. पातेल्यात पाणी, चमचाभर साध्या साबणाचा चुरा, त्यात लड बुडवून अर्धा तास मंद उकळा. पाणी पिवळट-तपकिरी होतं. ते कापसाचं मेण निघतंय, घाबरू नका. थंड पाण्यात दोन-तीनदा खंगाळा, पिळू नका, पंच्यात दाबून पाणी काढा आणि खुंटीला लटकवून खाली एखादा चमचा अडकवा, म्हणजे लड सरळ वाळेल.

हे सूत एकेरी आहे. भरतकामाला किंवा क्रोशाला हवं असेल तर दोन तारा एकत्र घेऊन टकळी उलट दिशेने फिरवा. पीळ सुताच्या निम्म्याहून थोडा जास्त पुरतो. मागावर ताण्याला लावायचं असेल तर भाताच्या पेजेची पातळ खळ द्यावी लागते, नाहीतर मागाच्या फणीत घासून तुटतं. चार बोटांवर ९६ वेढे मोजून जानव्याला लागायचं तेही असंच घरी कातलेलं सूत. त्यात गाठोळ्या चालत नसत, म्हणून नवशिक्याने पहिल्या लडी तिथे खपवू नयेत. पहिलं जाड-बारीक सूत पिशव्या शिवायला, फुलांचे गजरे ओवायला छान लागतं.

पावसाळ्यात लड वाळायला दोन-तीन दिवस लागतात. वरून कोरडी लागली तरी बांधलेल्या जागी आत ओल राहते, म्हणून त्या चार गाठी सरकवून बघा आणि मगच डब्यात ठेवा. ओलसर ठेवलेल्या लडीवर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते उकळूनही जात नाहीत.